जावेला दिलेले सोळा सोमवार

दैवशालाबाई कुणाकडं बघून गालातल्या गालात हसल्या, की टेंभुर्णीतला माणूस आधी आपल्या सदऱ्याची बटणं तपासतो. बटणं बरोबर असली तर मग तो जास्तच घाबरतो.

बाई तशा देवभक्त. सकाळी अंघोळ झाल्याशिवाय चहा नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय घास नाही. त्यांचे यजमान कल्याणराव बाजाराच्या रस्त्यावर बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. बाई तिथं जाऊन बसल्या तरी गल्ल्यावरच्या गणपतीला आधी हात जोडतात, मग गिऱ्हाईकाकडं बघतात. श्रद्धा खरी. फक्त ती श्रद्धा गप्प बसत नाही.

लहानपणापासूनच हे असं. माहेर भोकरदनकडचं. धाकटा भाऊ तातेराव सहा-सात वर्षांचा असताना बाईंनी त्याला पटवून दिलं, की मागच्या जन्मी तो कुंभाराचं गाढव होता. त्यानं पुरावा मागितला. ह्या म्हणाल्या, "तुझ्यावर ओझं टाकलं तरी तू बोलत न्हाई. आणखी काय पाहिजे?" तातेराव दोन दिवस विचार करत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं विहिरीवरून कळशी आणायला साफ नकार दिला. झालं, सगळं पाणी बाईंच्या डोक्यावर आलं. मग त्यांनी त्याला पुढचा भाग सांगितला. गाढवाच्या जन्मात त्यानं कुरकुर न करता ओझं वाहिलं, म्हणून तर देवानं माणसाचा जन्म दिला. आता या जन्मात कळशी टाळली, तर पुढं काय होईल ते त्याचं त्यानं बघावं. तातेरावानं मुकाट्यानं कळशी उचलली. कर्म, त्याचं फळ आणि पुनर्जन्म, एवढं सगळं त्या घराला पाण्याच्या कळशीवर कळलं.

लग्न जुळलं तेही असंच. टेंभुर्णीचे कारभारी आपल्या थोरल्या मुलासाठी, कल्याणसाठी, मुलगी बघायला गेले होते. पोह्यांच्या बश्या फिरल्यावर कुणीतरी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मुलगी खाली मान घालून म्हणाली, "या जन्मातला येतो. मागच्यातला आठवत न्हाई." बायका तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. कारभारी मात्र पोथी-पुराण ऐकणारे, वाद घालायची हौस असलेले. घरी त्यांच्याशी या विषयावर कुणी बोलत नसे. त्यांनी तिथंच सुपारी फोडली.

पुढं धाकट्या मुलाचं, अंगदचं लग्न झालं आणि सुरेखा घरात आली. दोन भावांची दोन घरं, स्लॅबची, समोरासमोर. मधे एक अंगण, अंगणात एक नळ आणि कडेच्या ओट्यावर कारभाऱ्यांची खाट. कारभारी दोन्ही घरांत जेवायचे आणि दोन्ही सुनांची भांडणं एकाच खाटेवरून ऐकायचे.

सुरेखा एकदम सरळ बाई. कामाला वाघ, तोंडानं तिखट, पण कुणी चेष्टेत काही बोललं तरी ते खरंच धरणारी. दैवशालाबाईंच्या शेजारी असं माणूस राहायला यावं, हे कुणाच्या प्रारब्धात होतं ते सांगता येत नाही. बहुतेक दोघींच्याही.

भांडण पाण्यावरून व्हायचं. दैवशालाबाईंच्या भांडी घासण्याचं पाणी उतारानं सुरेखाच्या तुळशीपर्यंत जायचं. एका शनिवारी सुरेखाचा तोल सुटला. अंगणात उभी राहून ती म्हणाली, "आक्का, पाप करून राह्यल्या तुम्ही, पाप! तुळशीला खरकटं पाणी! पुढच्या जन्मी पाल होताल पाल! भिंतीवर फिराल माझ्याच घरात!"

दैवशालाबाई हातातलं भांडं ठेवून उठल्या. गालात हसल्या. सुरेखानं तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं.

त्या दिवसांत बाईंचे सोळा सोमवार पुरे होत आले होते. दिवसभर उपास, संध्याकाळी शंकराची पूजा, मग चुरम्याचा नैवेद्य. व्रत कशासाठी धरलंय असं कल्याणरावांनी सुरुवातीला विचारलं होतं. "धरून तर ठेवते," बाई म्हणाल्या होत्या, "मागायचं काय ते मंग ठरवू." आणि सोळावा सोमवार होऊन गेला तरी त्यांचं काही मागायचं ठरलं नव्हतं. पाल होण्याची गोष्ट निघाल्यावर लगेच ठरलं.

सतराव्या सोमवारी उद्यापनाला गल्लीतल्या बायका जमल्या. आरती झाली, चुरमा वाटून झाला. मग दैवशालाबाईंनी तांब्या घेतला, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि सुरेखासमोर येऊन म्हणाल्या, "सुरेखा, हात पुढं कर."

सुरेखाला वाटलं तीर्थ आहे. तिनं डोक्यावर पदर घेतला, उजव्या तळव्याची वाटी केली आणि पुढं धरली.

बाईंनी पाणी सोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्या सोळा सोमवारांचं सगळंच्या सगळं पुण्य मी माझ्या जावेला दिलं. महादेव साक्षी हाय."

सुरेखाच्या कानावर हे पडेपर्यंत ते पाणी पिऊन झालं होतं. ओला हात सवयीनं डोक्यावरूनही फिरवून झाला होता.

मग एक म्हातारी पुढं झाली आणि तिनं दैवशालाबाईंच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "काय गं बाई मन हिचं! आपल्या उपासाचं फळ जावेला दिलं!" दुसऱ्या दोघींचे डोळे भरून आले. सुरेखा हात तसाच डोक्यावर ठेवून उभी होती. चार बायकांसमोर ती काय बोलणार? दैवशालाबाई तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "मी पापी, तू पुण्यवान. आता बराबर झालं ना?"

त्या दिवसापासून सुरेखाची मोठी पंचाईत झाली. जिनं सोळा सोमवारांचं पुण्य दिलं तिच्याशी भांडायचं कसं? खरकटं पाणी तुळशीपर्यंत येतच होतं. सुरेखानं तोंड उघडलं, की पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी म्हणायचं, "अगं, तिनं तुझ्यासाठी एवढं केलं अन् तू?" तोंड आपोआप मिटायचं. शेवटी सुरेखानं स्वतःच विटा मांडून पाण्याला वळण करून दिलं.

आणि वर आणखी एक झालं. सुरेखाची मुलगी अर्पिता बँकेच्या परीक्षेत पास होऊन परभणीला नोकरीला लागली. सुरेखानं गल्लीभर पेढे वाटले. बायका पेढा घ्यायच्या, तोंडात टाकायच्या आणि अंगण ओलांडून दैवशालाबाईंकडं जायच्या. "बघा, फळलं की नाही तुमचं पुण्य!"

"माझं कसलं," बाई नम्रपणे म्हणायच्या, "आता ते तिचंच हाय."

सुरेखानं रागानं परभणीला फोन लावला. "तू रात्रंदिवस डोळे फोडून अभ्यास केला, अन् नाव झालं हिच्या सोमवारांचं!"

अर्पिता हसायला लागली. "आई, काकूला माझ्याकडून एक पेढा जास्त दे."

सुरेखानं फोन ठेवला. पेढा मात्र दिला. पोरीचं म्हणणं होतं ना.

पुढं गावात सप्ताह बसला. मारुतीच्या देवळापुढं मंडप, रोज कीर्तन. एके दिवशी महाराजांनी मोक्षाचा विषय घेतला. ते म्हणाले, "पापाची बेडी लोखंडाची असती. पण माउली, पुण्याची बेडी सोन्याची असली तरी ती बेडीच! पाप भोगायला जन्म घ्यावा लागतो, तसा पुण्य भोगायलाही घ्यावाच लागतो. दोन्ही खाती संपली म्हणजे येणं-जाणं संपलं. त्याचं नाव मोक्ष."

टाळ वाजले. बायकांच्या बाजूला बसलेल्या सुरेखानं हळूहळू मान वळवली. दैवशालाबाई हात जोडून, डोळे मिटून बसल्या होत्या. पण गाल हसत होता.

घरी आल्यावर सुरेखानं अंगणातच त्यांना गाठलं. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"काय?"

"बेडीचं!"

"होतं ना," दैवशालाबाई म्हणाल्या. "मामांनीच सांगितल्तं मागं. सांगा ना मामा, तुमचं ते कणगीचं."

कारभारी खाटेवर उठून बसले. कणगीचं त्यांना कधीही विचारलं तरी चालायचं. "हे बघ पोरी, आपण जन्मोजन्मी जे केलं ते सगळं कणगीत धान्य भरून ठेवल्यासारखं असतं. ते संचित. त्यातलं या जन्माला खायला म्हणून जे काढलं ते प्रारब्ध. अन् आज वावरात जे चाललंय ते क्रियमाण, म्हंजी ते पुढं कणगीत जाऊन पडणार. कणगी रिकामी झाली की जिवाला यायचं कारण राहत न्हाई."

"म्हंजी यांनी आपली कणगी माझ्या घरात रिकामी केली!" सुरेखा म्हणाली.

"मी हलकी झाले बाई," दैवशालाबाईंनी पदरानं वारा घेतला. "माझा नंबर आता मोक्षाला. तू ये पुन्हा. टेंभुर्णीतच ये, ओळखीचं गाव हाय. सून होऊन ये. सासू कशी मिळंल ते काय सांगता येत न्हाई."

कारभारी खाटेवरून ओरडले, "दैवशाला! म्या तुला आत्म्याचं ग्यान सांगितलं, जावेला बेडी घाल म्हणून न्हाई सांगितलं!"

पण सुरेखाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. तिला भांडी घासताना सोन्याची बेडी दिसायला लागली. अंगद रात्री जेवताना समजावून थकला. "अगं, वहिनी चेष्टा करून राह्यल्या." सुरेखा म्हणाली, "महाराज काय चेष्टा करून राह्यले का? एवढं माइकवर?"

तिनं ठरवलं, पुण्य परत करायचं. जसं आलं तसंच, हातावर पाणी सोडून. अडचण एकच होती. घेणाऱ्यानं हात पुढं करावा लागतो आणि दैवशालाबाई आता सुरेखासमोर मूठ उघडेनात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुरेखा तांब्या पदराखाली घेऊन बसली. बाईंनी वाण पदरातच घेतलं. एकदा जेवणं झाल्यावर सुरेखा गोडीनं म्हणाली, "आक्का, हातावर पाणी घालते." बाईंनी उष्टा हात तसाच उंच धरला आणि सरळ नळावर गेल्या. देवळात तीर्थ घेतानासुद्धा आधी मागं वळून बघायच्या, पळी कुणाच्या हातात आहे ते. गल्लीतल्या बायकांना हे सगळं कळलं होतं. दुपारी धान्य निवडायला त्या मुद्दाम याच अंगणात येऊन बसायला लागल्या.

आणि मग एका सकाळी दैवशालाबाई नळापाशी शेवाळावरून घसरल्या.

घागर एकीकडं, बाई एकीकडं. उजवं मनगट अंगाखाली आलं. पहिली धावत आली ती सुरेखा, हात कणकेनं भरलेले तसेच. तिनं बाईंना बसतं केलं, मनगट बघितलं आणि अंगदला अशी हाक मारली की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसानंही "ओ" दिली. अंगदच्या टेम्पोत घालून बाईंना जालन्याला दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पलस्तर चढलं.

गावात कुजबुज सुरू झाली. पुण्य देऊन बसली, आता काही शिल्लकच राहिलं नाही, म्हणून हे असं झालं. भेटायला आलेल्या एका बाईनं तर ते सहानुभूतीनं तोंडावरच सांगितलं. दैवशालाबाई त्या दिवशी हसल्या नाहीत. पाहुणी गेल्यावर त्या उठून ओट्यावर सासऱ्यांजवळ येऊन बसल्या.

"मामा, खरंच संपलं असंल का हो?"

कारभाऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ही सून त्यांना पहिल्यांदाच काहीतरी खरोखर विचारत होती.

"तू पडली कशावरून?"

"शेवाळावरून."

"नळापाशी शेवाळ घासायची पाळी कुणाची होती?"

"माझीच. सुरेखानं तिची बाजू घासली होती."

"मंग झालं तर," कारभारी म्हणाले. "याला बी कर्मच म्हणतात. त्यात महादेवाला कशाला वढती?"

बाई हसल्या. गालात नाही, तोंड भरून. आणि त्यांना भूक लागली.

जेवायला सुरेखाच घालत होती. उजवा हात बांधलेला, डाव्यानं भाकरी तुटत नाही, म्हणून ती कालवून समोर ठेवायची. वेणी घालून द्यायची, अंघोळीला पाणी काढून द्यायची. हे सगळं करताना बोलायची मात्र नाही. एकदा वेणीचा पेड ओढता ओढता तिची नजर पलस्तरातून बाहेर आलेल्या बोटांवर गेली. सुजलेली, उघडी. मिटता न येणारी. तिचे हात थांबले. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तांब्या घेऊन आली.

दैवशालाबाईंनी हात छातीशी धरला. "अगं! पलस्तर भिजंल! डॉक्टरनं पाण्याचा थेंब लागू देऊ नका म्हणलंय!"

सुरेखा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. जावेचं हाड बिघडवून पुण्य परत करणं तिच्या हिशेबात बसेना. तिनं ते पाणी तुळशीला घातलं आणि येऊन पुन्हा वेणी हातात घेतली, जरा जास्तच जोरात.

"सेवा करून राह्यली ना माझी," दैवशालाबाई म्हणाल्या, "जपून गं. आजारी माणसाच्या सेवेचं लई पुण्य असतं. बेडी जड होईल."

"मी काय पुण्यासाठी करून राह्यले?" सुरेखा भडकली. "घर समोर हाय म्हणून करून राह्यले. तुमच्याकडून भाकर तुटत न्हाई म्हणून करून राह्यले. मला काय पाहिजे तुमच्याकडून?"

ओट्यावरून कारभाऱ्यांचा आवाज आला. "मंग ते चिकटतच न्हाई पोरी! फळाची आस नसली की कर्म बांधत न्हाई. निष्काम कर्म म्हणतात ते हेच."

सुरेखाचा चेहरा उजळला. एवढा सोपा रस्ता आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं त्या दिवशी बाईंना दोनदा चहा दिला. संध्याकाळी केसांना तेलही लावून दिलं.

"पण आता तुला कळलं ना," दैवशालाबाई तेल लावून घेता घेता म्हणाल्या. "आता तू मोक्षाच्या आशेनं करशील. ती बी आशाच की."

सुरेखा तेलाची वाटी ठेवून अंगणात निघून गेली. बाहेरून तिचा आवाज आला, "मामा, या बाईला तुम्ही पसंत केलं ना? तुम्हीच?"

पलस्तर काढायच्या दिवशी कल्याणरावांच्या दुकानावर बियाण्याची गाडी यायची होती, म्हणून बाईंबरोबर सुरेखा गेली. सकाळच्या गाडीनं दोघी जालन्यात उतरल्या, रिक्षा करून दवाखान्यात पोचल्या. सुरेखाच्या पिशवीत भाकरी होती, ठेचा होता आणि पाण्याची एक बाटली होती. पाणी तर सगळेच बरोबर घेतात. दैवशालाबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. पाण्यात तुळशीचं पान तरंगत होतं ते त्यांना दिसलं नाही, कारण बाटली निळ्या रंगाची होती.

डॉक्टरांनी मशीननं पलस्तर कापलं. आत हात फिकट आणि बारीक झाला होता. "बोटं हळूहळू वळतील," ते म्हणाले, "आज जोर लावू नका. बाहेर बसा, औषध लिहून देतो."

दोघी बाहेर बाकावर बसल्या. दैवशालाबाईंनी हात मांडीवर उताणा ठेवला आणि बोटं वळवायचा प्रयत्न केला. वळेनात. सुरेखानं बाटलीचं झाकण उघडलं.

"सुरेखा!"

"सोळा सोमवार," सुरेखा भरल्या दवाखान्यात म्हणाली, "जसे आल्ते तसे परत! महादेव साक्षी हाय, हे सगळे साक्षी हाय!" आणि तिनं अर्धी बाटली त्या उघड्या तळव्यावर ओतली.

पाणी तळव्यावरून मांडीवर, मांडीवरून फरशीवर गेलं. रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला, त्याला वाटलं कुणाला चक्कर आली. आतून नर्स धावत आली. "काय करून राह्यल्या मावशी? इथं लोक घसरून पडतात!"

दैवशालाबाईंना हसू आवरेना. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला एकच हात धड होता. सुरेखानं आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग नर्सकडून फडकं मागून घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागली.

"बरं केलं गं," हसणं थांबल्यावर दैवशालाबाई म्हणाल्या. "मला खरं सांगायचं तर धाकधूकच होती. तिथं मोक्षात म्हणे मी-तू काही राहतच न्हाई, सगळं एकच. मंग मी बोलले कुणाशी असते? तुझ्याशिवाय मला करमलं असतं का?"

सुरेखानं वर बघितलं. जावेच्या तोंडावर चेष्टा आहे का ते तिनं नीट न्याहाळलं. या वेळी तिला ती सापडली नाही. ती फडकं पिळून उठली आणि बाईंच्या शेजारी, आधीपेक्षा थोडी जवळ, बसली.

दवाखान्यातून निघाल्यावर स्टेशन रोडला एका हॉटेलात दोघींनी चहा घेतला. बाईंना कप धरवेना. सुरेखानं बशीत ओतून, फुंकर घालून तोंडाशी धरला.

"आक्का," सुरेखा म्हणाली, "आता यायचंच हाय ना आपल्याला दोघींना पुन्हा? मंग एक सांगते. पुढच्या जन्मी मी थोरली जाऊ होणार अन् तुम्ही धाकट्या."

"बिलकुल," दैवशालाबाई लगेच म्हणाल्या. "तूच थोरली. मला मंजूर."

सुरेखाचा हात बशीसकट थांबला. इतक्या सहज ही बाई कधी कशाला हो म्हणाली नव्हती. तिनं बाईंकडं बघितलं. बाई खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा बघत होत्या आणि गाल किंचित वर आला होता.

थोरल्या जावेला नेमकं काय काय सोसावं लागतं, ते सुरेखा टेंभुर्णी येईपर्यंत गाडीत बोटांवर मोजत होती.